पाय की वहाण

मुलांनो, आश्विन सरत आला. हळवं भात कापून झालं, गरवं अजून उभं आहे. सकाळी दार उघडलं की सापगावच्या बाजूनं वारा येतो आणि त्याला ओल्या पेंढ्याचा वास असतो. तुमची आई म्हणते, किती छान वास, बाटलीत भरून मुलांना पाठवता आला पाहिजे.  माझ्या मात्र तो वास आला की कानामागची शीर तट्ट होते.

म्हातारपणी माणूस निवळतं असं सगळे धरून चालतात. माझ्याकडे दुपारच्या येऊन बसणाऱ्या बायका तर मला समजावतातच, आजी, आता सगळं सोडून द्यायचं. मी बरंच सोडलं आहे. साखर सोडली, माळ्यावर चढणं सोडलं, दुसऱ्यांच्या सुनांचं इंग्रजी सुधारायचंही सोडलं. पण एक राग मी नीट घडी घालून ठेवला आहे. दरवर्षी कापणीच्या दिवसांत तो बाहेर काढते आणि उन्हात टाकते, म्हणजे त्याला कसर लागत नाही. यंदा तो तुम्हालाही दाखवावा असं मनात आलं. तुम्ही राहता तिथे माणसं बूट घालूनच घरभर वावरतात, असं तुम्ही सांगता. तेव्हा हे सगळं तुम्हाला आधी हसण्यासारखं वाटेल. वाटू दे.

लढाईच्या दिवसांत तुमचे आजोबा मालगाडीवर गार्ड होते. कसाऱ्याला आम्हाला रेल्वेची जागा होती. घाटाच्या पायथ्याचं गाव ते, दिवसभर इंजिनांची धापाधाप, आणि वाळत घातलेल्या धोतरावर कोळशाचे काळे ठिपके. श्रावणात एका सकाळी डब्याची पायरी ओली होती आणि त्यांचा पाय घसरला. कुणाची चूक नव्हती. ओल्या लोखंडावरून माणूस घसरतो, एवढंच. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. हे मी इतक्या थोडक्यात लिहिते, कारण त्याचा मला राग नाही. लोखंडावर काय रागवायचं?

जखम चिघळली, पुन्हा कापावं लागलं, मग भरून यायला महिने गेले. मुंबईच्या इस्पितळातून ते घरी यायला पुढच्या वर्षीची कापणी उजाडली. तोवर मी मावशीकडे राहून रोज त्यांच्याकडे जात होते.

उरलेल्या पायाला डॉक्टर लोकांचं एक इंग्रजी नाव होतं. तुमचे आजोबा त्याला धसकट म्हणत. भात कापल्यावर जमिनीत जो खुंट उरतो ना, ते धसकट. शेतकऱ्याच्या पोराला दुसरा कुठला शब्द सुचणार? "काय म्हणतंय आज धसकट?" मी विचारायची. "टोचतंय," ते म्हणायचे. शेतातली धसकटं दुसऱ्यांच्या पायांना टोचतात. ह्यांचं ह्यांनाच टोचत होतं.

त्याला पट्टी बांधायला मी शिकले. आठाच्या आकड्यासारखे वेढे द्यायचे, खाली घट्ट, वर सैल, म्हणजे ते निमुळतं होत जातं आणि पुढे लाकडी पायात नीट बसतं. दुपारच्या वेळी त्यांना नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटायची. मग अंगठा जिथे असायला हवा होता तिथे मी चादर खाजवायची. त्यांना खरोखर बरं वाटायचं. शेजारच्या खाटेवर ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आलेला एक साताऱ्याकडचा शिपाई होता, त्याचा हात गेला होता. तो म्हणायचा, "वहिनी, हिकडं माझ्या मनगटाचं पण बघा की जरा." आम्ही तिघंही हसायचो. इस्पितळात माणसं फार हसतात. ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही.

मग पाय आला. पिवळसर लाकडाची नडगी, खाली लाकडाचं पाऊल, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, आणि वर मांडीला दोरीनं आवळायचा चामड्याचा रुंद पट्टा. लाकडी पावलावर बूट चढवलेला. पाय देताना तिथल्या मिस्त्रीनं मला बजावलं, की ह्याला पाणी लागू देऊ नका. लाकूड फुगेल, चामडं आखडेल. आणि बूट काढून चालवू नका. पाऊल बुटाच्या टाचेच्या मापानं बसवलं आहे, बूट काढला तर माणूस मागे कलंडेल. मी मान डोलावली. तेव्हा मला ती नुसती मिस्त्रीची सूचना वाटली.

पहिल्या दिवशी मोज्याला रक्त आलं. दुसऱ्या दिवशीही आलं. दोन आडव्या दांड्यांमध्ये त्यांना उभं करायचे आणि समोर आरसा. शिकवणाऱ्या सिस्टरनं मला दाराशी उभं केलं होतं आणि ताकीद दिली होती, त्यांना हात द्यायचा नाही, पडू द्यायचं. आपला माणूस पडताना दिसतो आणि आपण पदर मुठीत आवळून उभं राहायचं, हे ज्यानं केलं नाही त्यानं मला सोडून द्या म्हणून सांगू नये. ते पडायचे, उठायचे, आरशात माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "हा पाय माझा नाय गो. हा माझ्या मांडीला लोंबकळणारा पाहुणा हाय."

मी मात्र त्यांच्या घराचा विचार करत होते. मुरबाडहून टोकावड्याकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत त्यांचं गाव. घर मातीचं, ऐसपैस. पावसाचं पाणी आणि जनावर आत येऊ नये म्हणून उंबरठा चांगला उंच. सपाट फरशीवर चालणारा माणूस त्या उंबरठ्याशी अडणार हे मला दिसत होतं. इस्पितळाच्या मागच्या बाजूला बांधकामाच्या विटा पडल्या होत्या. त्या आणून मी व्हरांड्यात एकावर एक रचल्या. सिस्टरनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमचं घर.

तो विटांचा उंबरठा ते कितीदा ओलांडायला गेले आणि कितीदा अडखळले ते सांगत बसत नाही. आधी चांगला पाय, मग काठी, मग लाकडी पाय वळवून आत. एके दिवशी ते पलीकडे गेले, सरळ उभे राहिले, आणि मागे वळून मला म्हणाले, "काय गो, जेवायला काय केलंस?" जणू कामावरून घरी आले होते. मी व्हरांड्याच्या खांबाकडे तोंड करून उभी राहिले. तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. हा माणूस आपल्या घरात असाच जाणार. उभा, चालत, उंबरठा ओलांडून.

माझे वडील इथे शहापूरला मास्तर होते. त्यांनीच मला ठाण्याला मामाकडे ठेवून मॅट्रिकपर्यंत शिकवलं. ते भेटायला आले तेव्हा म्हणाले, "आमच्याकडे आणा जावईबापूंना. फरशी आहे, सोवळंओवळं काही नाही." चांगल्या मनानं म्हणाले. मी नको म्हटलं. दुखण्यातून उठलेल्या माणसानं सासऱ्याच्या ओसरीवर का राहायचं? त्याला घर आहे.

तयारीसाठी मी एकटी पुढे गेले. नेमके कापणीचे दिवस. पहाटेपासून सगळं घर शेतात, अंगणात भारे येऊन पडायचे, खळ्यात झोडणी चालू, लाकडावर पेंढ्या आपटल्याचा धप्प धप्प आवाज, हवेत भाताचं बारीक कूस उडायचं आणि अंगाला खाज सुटायची. अशा वेळी घरात दुसऱ्या कामाला हात मागणं म्हणजे गुन्हा. तरी मी एक सुतार गाठला. पडवीपासून मागच्या अंगणापर्यंत धरायला बांबूचा कठडा करून घेतला. खाटेचे पाय उंच केले. आंघोळीच्या दगडाशेजारी बसायला एक ओंडका रोवला. जेवायला उंच पाट केला. गावातल्या बायका येऊन बघून जायच्या. एकीनं विचारलं, "तो पाय कसा दिसतो गो मडम? फांदीसारखा?" मला तिथे सगळे मडम म्हणत. माझ्या पाठीमागे नव्हे, तोंडावर. मी सगळ्यांच्या पुढ्यात पदर आवरून, खाली मान घालून काम करत राहिले. तो माझा राग पुरवून वापरायचा काळ होता.

एका संध्याकाळी सासूबाई माजघरात कणगीला शेणमाती लावत होत्या. जाऊबाई चुलीपुढे होत्या. मोठे दीर, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, नुकतेच खळ्यातून येऊन दाराशी टेकले होते. सासूबाई हात न थांबवता म्हणाल्या, "तो पाय रात्री काढायचा असतो ना गो?"

"हो आई. झोपताना काढायचा."

"मग कुठं ठेवशील?"

"खाटेखाली."

"म्हंजे आत?"

"आतच. सकाळी उठल्यावर लागेल ना त्यांना."

"त्याला चामडं हाय म्हणतात."

"मांडीला पट्टा आहे चामड्याचा. आणि पायात बूट."

"मग तो पायरीखाली ठेवायचा, वहाणांपाशी. दारात आला की तिथंच काढायचा. चामडं माझ्या घरात नाय यायचं. देव हायत, चूल हाय."

मी म्हटलं, "आई, तो पाय आहे."

"पाय काढून ठेवतात का कुणी?" त्या म्हणाल्या. "काढून ठेवतात ती वहाण."

मला हे वाक्य आजही शब्दन् शब्द पाठ आहे. शाळेत तर्कशास्त्राची ओळख करून देणारे मास्तर होते आम्हाला, त्यांनीही इतकं घट्ट वाक्य कधी सांगितलं नव्हतं. मी टाचेचं सांगितलं, बूट का काढता येत नाही ते सांगितलं. घरात घालायला कोरा बूट आणते, तो मातीला लागणार नाही, असंही म्हटलं. चामडं ते चामडं, असं उत्तर आलं. मग मी विचारलं, "आपल्याकडे देवापुढे भजन होतं, तेव्हा पखवाज वाजतो. तो कशाचा असतो?"

"पखवाज चुलीपुढं जेवायला बसत नाय," सासूबाई म्हणाल्या.

आता दादांनी तोंड उघडलं. मोठा दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नसे, ती रीत होती. त्यामुळे मी हाताच्या अंतरावर बसलेली असताना ते आईकडे बघून बोलले. "आई, तिला सांग, आमी खळ्यात पाय टाकतो तवा वहाणा भाईर काढतो. मामलेदार आला व्हता, त्यानं पण काढल्या. आपला रघू काय मामलेदाराहून मोठा लागून गेला?"

मीही आईकडेच बघितलं. "आई, त्यांना सांगा, मामलेदाराचा पाय वहाणेबरोबर सुटून येत नाही."

जाऊबाईंना हसू आलं, त्यांनी धुराचा ठसका लागल्याचं सोंग केलं. दादा हसले नाहीत. सासूबाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाल्या, "इंग्रजी शिकलीस म्हणून जीभ चालते."

"जीभ राहू द्या. पायरीशी पाय काढून ठेवला तर पुढे ते आत कसे येणार, तेवढं सांगा."

"रांगत येल," त्या म्हणाल्या. "आईच्या घरात रांगायची कसली लाज? मी त्याला ह्याच जमिनीवर रांगताना बघितलाय."

आवाज मऊ होता हो त्यांचा. मुलांनो, त्यात माया होती, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि सगळ्यात जास्त राग मला त्या मायेचाच आला. दुष्टपणाशी भांडता येतं. पण एक बाई आपल्या मोठ्या, मिशा असलेल्या, गाड्या घाटातून उतरवणाऱ्या मुलाला पुन्हा रांगताना बघायला तयार आहे आणि तिला त्यात वावगं काही दिसत नाही, ह्याचं काय करायचं? मला त्या विटा दिसत होत्या. मोज्याचं रक्त दिसत होतं. उंबरठा ओलांडायला शिकायचं, आणि उंबरठ्याशी येऊन पाय काढून द्यायचा.

मध्येच सांगते. परवा बाजारातून येताना इथल्या मारुतीच्या देवळापाशी मी दम खायला थांबले. एक तरुण मुलगा सायकलवरून उतरला. त्याचा एक पाय रबराचा होता, सावळ्या रंगाचा, पुढे बोटंसुद्धा कोरलेली. त्यानं पायरीशी दोन्ही चपला काढल्या, दोन्ही पायांवर नळाचं पाणी घेतलं आणि आत गेला. कुणी मान वळवून बघितलं नाही. पुजाऱ्यानं त्याच्या हातावर तीर्थ घातलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की पिशवी तिथेच ठेवून बसावं लागलं. पाच बोटं कोरायची बाकी होती फक्त. तेवढ्यासाठी एका माणसाला काय काय करावं लागलं होतं.

तेव्हा, मी परत मुंबईला गेले आणि तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांचं डोकं फिरेल. ते ऐकून घेऊन म्हणाले, "काढीन की मग. त्यात काय? दारात काढायचा आणि लंगडी घालत आत जायचं. लंगडीत मी गावात पयला व्हतो."

मी विचारलं, "मग विटा कशासाठी ओलांडल्यात इतके दिवस?"

"तू रचल्यास म्हणून."

ते हसवायला म्हणाले असतील. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. पट्टी बांधली, डबा पुढे केला, भांडं विसळलं. निघताना ते म्हणाले, "आईशी भांडून घरात शिरलो, तर आत जाऊन बसायचं कुणाजवळ गो?"  उत्तर नसलेला राग फार वाईट. तो घेऊन मी मावशीच्या घरापर्यंत चालत गेले आणि मावशीवर विनाकारण ओरडले.

आम्ही निघालो तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. कल्याणहून मुरबाडकडे जाणारी मोटार लढाईमुळे कोळशाच्या धुरावर चालायची. मागे लोखंडी भट्टी लटकवलेली, चढ आला की माणसं उतरून ढकलायची. एका चढावर सगळे पुरुष उतरले, तेव्हा तुमचे आजोबाही उतरले. ड्रायव्हर म्हणाला, "तुमी बसा, साहेब." ते म्हणाले, "बसून बसून कंटाळा आला." आणि मोटारीमागून, काठी टेकत, चढ चढून आले. मी आत बसून काचेतून बघत होते. धूळ उडत होती आणि त्या धुळीत ते एका लयीत येत होते, एक पाऊल हलकं, एक जड.

रस्त्यापासून घरापर्यंतची वाट कापलेल्या शेतांमधून जाते. दोन्ही बाजूंना धसकटं उन्हात चमकत होती. त्यांनी काठीनं ती दाखवली, "ह्यांना सांग, एक भाऊ आलाय म्हणून." मला हसू आलं नाही. घर दिसायला लागलं. खळ्यात झोडणी चालू होती. आम्हाला बघून आधी एकाचा हात थांबला, मग दुसऱ्याचा, आणि मग तो धप्प धप्प आवाज पूर्ण बंद झाला. इतक्या माणसांच्या गप्प बसण्यातून त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. अंगण शेणानं ताजं सारवलं होतं. दारात सासूबाई उभ्या होत्या, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. दुखण्यातून उठून कुणी घरी आलं की उंबरठ्याबाहेर त्याच्या पायांवर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मग आत घ्यायचं, ही आमच्याकडची रीत.

त्यांनी आधी दोन्ही बुटांकडे बघितलं. एका बुटाकडून दुसऱ्याकडे, परत पहिल्याकडे. त्यांना ओळखू येत नव्हतं. "कुठला रे?" त्यांनी विचारलं. आजोबांनी काठीनं उजव्या पायावर टकटक केलं. मग भिंतीला टेकून डाव्या पायातला बूट काढून पायरीखाली ठेवला. माझ्या खांद्याला धरलं नाही. आता एक पाय उघडा आणि एकात बूट, असे ते उभे राहिले.

"त्यो पन काढ आता, बाळा," सासूबाई म्हणाल्या.

ते खरोखर वाकले. धोतर बाजूला करून मांडीच्या दोरीला हात घातला त्यांनी. मी म्हटलं, "काढायचा नाही. तो पाय आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "पाय हाय?"

"पाय आहे."

"बरं. पाय हाय तर मग पाणी घालते." त्यांनी तांब्या पुढे केला. "येका पायावर घालून दुसरा कोरडा ठेवीत नायत. बोल, घालू?"

मिस्त्रीचे शब्द मला आठवले. लाकूड फुगेल, चामडं आखडेल. घालू नका म्हणावं, तर तो पाय नव्हे हे मीच माझ्या तोंडानं कबूल केलं. घाला म्हणावं, तर वर्षभराच्या कष्टानं उभा राहिलेला माणूस पुन्हा खाटेला लागणार. मी आयुष्यात पुष्कळ वाद केले आणि बहुतेक जिंकले. त्या अंगणात मला एका न शिकलेल्या बाईनं चार शब्दांत कोंडलं, आणि ते तिलाही कळलं होतं. खळ्यातून दादांचा आवाज आला, "आई, तिला इचार, आता का गप?"

मी तोंड उघडलं.

"घाल, आई," आजोबा म्हणाले. दोरीवरचा हात त्यांनी काढला होता.

"दोन्हीवर?"

"मला पाय दोनच हायत. दोन्हीवर घाल."

 सासूबाईंनी डाव्यावर पाणी घातलं आणि उरलेला तांब्या उजव्यावर रिता केला. हात आखडता घेतला नाही. पाणी बुटाच्या दोऱ्यांतून आत गेलं, कडेनं फेसाळून बाहेर आलं. आणि तुमच्या आजोबांनी श्वास ओढून घेतला, गार पाणी पडल्यावर कुणीही ओढतो तसा. त्यांना ते गार लागलं होतं. सासूबाईंनीही ते पाहिलं. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून दूर टाकला आणि त्या बाजूला झाल्या.

आधी चांगला पाय, मग काठी, मग लाकडी पाय वळवून आत. ताज्या सारवलेल्या जमिनीवर एक पाच बोटांचं ओलं पाऊल उमटलं आणि एक बुटाचा चिखलाळ तळवा, टाचेसकट.

"आत्ताच सारवलं व्हतं मी," सासूबाई म्हणाल्या.

"परत सारव," आजोबा म्हणाले. मागे वळलेसुद्धा नाहीत.

त्या पाण्यानं व्हायचं तेच झालं. लाकूड सावलीत वाळवलं, ते कसंबसं निभावलं. पण रात्री पाय काढून आडवा ठेवला, तेव्हा आत साचलेलं पाणी पट्ट्यापर्यंत पोचलं. चामडं आखडून कडक झालं. सबंध हिवाळाभर मी त्याला करंजाचं तेल चोळत होते, तरी पट्टा मांडीत रुतायचा. त्याचा वळ त्यांच्या मांडीवर शेवटपर्यंत राहिला. इतर कुणाच्याही घरात शिरताना त्यांना असं काही द्यावं लागलं नाही. स्वतःच्या घरात शिरायला द्यावं लागलं. लोक म्हणायचे, बघा, शेवटी आईनंच पाणी घातलं, गोड झालं. गोड काही झालं नाही. एका माणसाला स्वतःच्या दारात आपले पाय मोजून दाखवावे लागले, आणि ते मान्य व्हायला त्याचा एक पाय खराब करावा लागला. ज्यांना ह्यात गोडवा दिसतो त्यांनी माझ्यासमोर तो शब्द काढू नये.

सासूबाई हरल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माजघरातून पडवीत गेले, की चामड्याचा विटाळ जावा म्हणून ह्या शेणाची टोपली घेऊन त्या वाटेवर सारवायला बसल्या. तिसऱ्या दिवशीही. ते चालत राहिले, त्या सारवत राहिल्या. खळ्यातली झोडणी संपली, कणग्या भरल्या, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, तरी हे चालूच. आता सारवणं हे सुनेचं काम. सासू जमिनीवर ओणवी होऊन सारवते आहे आणि सून दाराशी उभी आहे, हे गावात कुणी पाहिलं नव्हतं. मी उभी राहायची. पदर डोक्यावरून नीट, हात मोकळे.

एके दिवशी त्यांचं कंबरडं भरून आलं. त्यांनी शेणाचा हात तसाच गुडघ्यावर टेकला, टोपली माझ्याकडे ढकलली आणि करवादून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचा पाय हाय, तू सारव."

नवऱ्याचा पाय, म्हणाल्या. त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. जाऊबाईंच्याही आलं, त्यांनी चुलीपासून वळून बघितलं.

मी टोपलीला हात लावला नाही.